साचा माझा, हात तुझा

४ फेब्रुवारी, मंगळवार

फिरून आलो, गुडघा बरा, शाळेतली एक कविता आठवली, पुढची ओळ आठवली नाही. एरवी एवढ्यात माझा दिवस या वहीत मावतो. आज मावणार नाही.

अकराच्या सुमारास लेक माझ्या खोलीत आली. कारखाना आता तीच चालवते. मला तिने खिडकीजवळची खुर्ची ठेवली आहे आणि वर्तमानपत्र. हातात पत्र होतं. आम्ही ज्या रुग्णालयांना ऑक्सिजनचे रेग्युलेटर पुरवतो, त्यांच्या खरेदी कार्यालयाचं. एका वॉर्डात आमचे तीन रेग्युलेटर फुसफुसत होते. एका नर्सच्या कानाने ते टिपलं, तिने लगेच सिलिंडर बदलले, कुणाला काही झालं नाही. पण गळती वायसरमधून होती. सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्या मधे बसणारा रबराचा वायसर, करंगळीच्या नखाएवढा. तो कोणी केला, कुठे केला, कोणी तपासला, याचं पुराव्यासह उत्तर पंधरा दिवसांत द्यायचं. नाहीतर त्यांच्या यादीतून आमचं नाव जाणार. त्या यादीबाहेर आम्हाला दुसरं गिऱ्हाईक नाही. खाली बावीस माणसं काम करतात.

"बाबा, वायसर कोण करतं?"

"टाक्या करतो. अजून कोण करणार?"

"ते मलाही माहीत आहे. करार कुठे आहे?"

"टाक्याशी कसला करार? टाक्या आहे तो."

तिने कपाळाला हात लावला. हुबेहूब आईवर गेली आहे.

टाक्या म्हणजे माझा तिसरीपासूनचा मित्र. बोरूपेक्षा टाकाने अक्षर बरं येतं असं मास्तर म्हणायचे, आणि सबंध शाळेत टाक खरा चालायचा तो याच्याच हातात. फळ्यावर सुविचार लिहायला त्यालाच उठवत. मी कविता म्हणायचो, तो लिहायचा. पुढे मी रेग्युलेटर करू लागलो आणि त्याने रबराचा हातप्रेस टाकला. साचे मी करून दिले, वायसर तो पाडायचा. प्रेसमधून निघालेल्या रबराची जादा कड तो पात्याने अशी छाटायचा की भिंगातून पाहिलं तरी दातरा दिसू नये. एकतीस वर्षं झाली. त्याच्या हातचा वायसर गळणं शक्य नाही. रुग्णालयवाल्यांनीच आटे नीट आवळले नसतील.

लेकीने मात्र उत्तराची वाट न बघता सगळ्या रुग्णालयांना फोन लावले, माल थांबवला, बदली रेग्युलेटर टेम्पोने पाठवायला सुरुवात केली.

५ फेब्रुवारी, बुधवार

वकीलबाईंकडे गेलो. वयाने लेकीएवढ्याच, चष्मा डोक्यावर आणि तो शोधायची सवय. खोलीत फायली इतक्या की खुर्ची कुठली आणि ढीग कुठला, हे बसल्यावर कळतं.

"काम बाहेर दिलंत काका, जबाबदारी बाहेर जात नाही," पहिलंच वाक्य. "रुग्णालयाच्या दृष्टीने तो वायसर तुम्हीच केलाय. आता सांगा, त्यांच्या कारखान्यात जाऊन तपासणी करायचा हक्क तुम्हाला आहे?"

"मी जातो की. चहा घेतो."

"चहा हा हक्क नाही. साचे कोणाचे?"

"माझे."

"कागद?"

"टाक्याला माहीत आहे."

"त्यांनी काम आणखी कोणाला पोटठेक्याने दिलं तर?"

मी हसलो. टाक्या आणि पोटठेका! लेक हसली नाही. बाईंना डोक्यावरचा चष्मा एकदाचा सापडला आणि त्यांनी विचारलं, "काका, तुमच्या दोघांत लिहिलेलं काहीच नाही? एक ओळसुद्धा?"

तेव्हा मला ती वही आठवली. शाळेची, कवितांची. धंदा सुरू केला त्या दिवशी तिच्या शेवटच्या पानावर आम्ही दोघांनी कविता करून सह्या केल्या होत्या. हे मी सांगत असताना लेकीने नजर छताकडे लावली. बाई मात्र पुढे सरकल्या.

"आणा ती. आणि तोपर्यंत त्यांना फोन करायचा नाही, भेटायचं नाही. साचे आपल्या हातात येईपर्यंत एक अक्षर नाही."

मित्राला फोन करायचा नाही! चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वही पत्र्याच्या पेटीत सापडली. शाईचा वास अजून आहे, की मलाच येतो, कोण जाणे. शेवटच्या पानावर:

साचा माझा, हात तुझा,
मध्ये नको कोणी दुजा.
हात थके, सांगू खरे,
साचे घरी, हेच बरे.

पहिल्या दोन ओळी माझ्या, मलाच पाठ. पुढच्या दोन त्याने जोडलेल्या. त्या मी साफ विसरून गेलो होतो. पण अक्षर! सबंध कविता त्याच्या टाकाने लिहिलेली. एकेक वेलांटी पाहत राहावी. माझी सही त्याखाली झुरळ शाईत बुडून चालल्यासारखी.

वकीलबाईंनी पान तीनदा वाचलं. मला वाटलं, कविता आवडली. म्हणाल्या, "काका, चार ओळींत तीन कलमं आहेत. साच्यांची मालकी तुमची. तिसऱ्याला काम द्यायला बंदी. आणि काम झेपेनासं झालं तर त्यांनी आपण होऊन सांगायचं नि साचे परत करायचे. दोघांच्या सह्या. मोठमोठे करार मी याहून वाईट लिहिलेले पाहिलेत."

त्यांनी त्या पानाची झेरॉक्स काढली. यंत्राचा हिरवा उजेड टाक्याच्या अक्षरावरून सरकला तेव्हा मला उगीचच लाजल्यासारखं झालं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज्ञा मोडली. गेलो टाक्याकडे.

लेकीला सांगितलं, चष्मा दुरुस्तीला जातो. मनात एवढंच होतं की त्याने एकदा माझ्या तोंडावर म्हणावं, "माझ्या हातचा वायसर गळत नाही." की संपलं.

तो ओसरीत बसला होता, दोन्ही हात स्वेटरच्या खिशात. "ये," म्हणाला. उठला नाही, हात पुढे केला नाही. मोठा माणूस झालाय! वहिनींनी चहा आणला. माझा कप काठोकाठ, त्याचा अर्धाच. तोही त्याने घेतला नाही, निवत ठेवला. पूर्वी माझ्या बशीतला ओढून प्यायचा.

मागच्या खोलीत डोकावलो. प्रेसवर चादर घातलेली. फळीवर साच्यांची जागा रिकामी.

"साचे कुठे रे?"

"तेल द्यायला पाठवलेत."

"एकतीस वर्षं तूच तेल देतोस."

"आता नाही देत."

बस्स. एवढंच. भिंतीवर मी नोव्हेंबरात त्याच्या वाढदिवसाला लिहिलेलं पत्र त्याने चौकटीत लावलं आहे, म्हणजे मनात माया आहे. त्यात मी लिहिलं होतं: हल्ली तुझा माल छापील चलनासह, शिक्का मारून येतो. सहीसुद्धा नाही. एक तरी खेप सगळी तुझ्या हातची, तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठीसह पाठव, म्हाताऱ्या मित्राची हौस समज. आणि डिसेंबरात पाठवलीन त्याने! चिठ्ठी मी या वहीत खूण म्हणून ठेवली आहे. अक्षर काही पूर्वीचं नाही, धावत्या गाडीत लिहिल्यासारखं आहे. घाईत असेल. पण पाठवलीन.

जाता जाता मी मोठ्याने म्हटलं, "साचा माझा, हात तुझा, मध्ये नको कोणी दुजा!" जुन्या दिवसांसारखा तो पुढची ओळ उचलेल असं वाटलं. त्याने मान फिरवली.

वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "भावजी, त्यांना पुढचंही पाठ आहे. तुम्हीच नेहमी दोन ओळींवर थांबता."

वहिनींना कवितेचं वेड कधी लागलं, ठाऊक नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हे लिहिताना कान गरम झालेत.

सकाळी टेम्पोवाला हिशेबाला आला होता. लेकीने सहज विचारलं, माल कुठून उचलतोस? म्हणाला, "ताई, दोन वर्षं झाली, खोकी पुलापलीकडच्या शेडमधूनच उचलतोय. टाक्याकाकांनीच सांगितलं, तिथून घे म्हणून. एक बाई चालवतात ती."

दोन वर्षं! आणि मी त्याच्या हातची कड म्हणून दर खेपेला एक वायसर भिंगाखाली धरून डोळे निववत होतो!

शनिवारची भेटही उघडी पडली. लेक ओरडली नाही, हळू बोलली, ते जास्त लागतं. "बाबा, तुम्ही जाऊन त्यांना सावध करून आलात. उद्या साचे नाहीसे झाले तर नवे करायला तीन महिने जातील. आपल्याकडे आठ दिवस आहेत."

"टाक्या साचे पळवेल?"

"दोन वर्षांपूर्वी मी विचारलं असतं, टाक्याकाका पोटठेका देतील? तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

वकीलबाईंनी नोटीस तयार केली: कराराचा भंग, साचे तत्काळ परत करा, शनिवारी सर्व नोंदींसह हजर राहा. सोबत कवितेची झेरॉक्स. सही मी केली, झोकात केली. रागात माझी सही बरी येते.

घरी हिला सगळं सांगितलं. शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढं सगळं विचारून आलात. कसा आहेस, हे विचारलंत का त्याला?"

"चोराला कसा आहेस विचारायचं?"

"तुम्ही कविताच करा," म्हणाली आणि शेंगांचं सूप घेऊन आत गेली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस लेक आणि फिटर परत आलेले रेग्युलेटर तपासत आहेत. हवेचा दाब द्यायचा, पाण्याच्या टबात बुडवायचं, बुडबुडा येतो का बघायचं. कुठल्या खेपेचा वायसर कुठल्या रेग्युलेटरला गेला, हे लेक पहिल्यापासून लिहून ठेवते. मी त्या वहीला 'किराणा यादी' म्हणायचो.

आज दुपारी टबाजवळ मीही उभा राहिलो. एकामागून एक रेग्युलेटर पाण्यात जात होता, पाणी आरशासारखं स्थिर. श्वास धरून बघत होतो आम्ही. मग एकाच्या गळ्याशी बुडबुड्यांची माळ. मग आणखी एक. आणि मग लेकीने वही उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "फक्त डिसेंबर. दोन वर्षांतल्या बाकी सगळ्या खेपा कोरड्या आहेत."

वायसर काढून भिंगाखाली धरला. कड दातरी. पात्याने दोनदा, तीनदा प्रयत्न करून छाटल्यासारखी, एका जागी खोल गेलेली.

लेक लगोलग पुलापलीकडे जाऊन आली. शेडवाल्या बाईंनी सगळ्या नोंदी समोर ठेवल्या, काही लपवलं नाही. दर खेपेला टाक्या स्वतः येऊन बसतो आणि एकेक वायसर बघून घेतो, असंही म्हणाल्या. पण डिसेंबरची खेप त्यांच्या नोंदीत नाही. त्या दिवसांत साचे तिथे नव्हतेच.

"म्हणजे तिसऱ्याच्याही पुढे चौथा आहे कोणीतरी!" मी म्हणालो. "कोणाच्या तरी खुरप्यासारख्या हाताला दिलं त्याने काम. माझ्याकडे पाठवली ती खेप, माझी हौस म्हणून मागितली ती!"

ही रोजनिशीची वही माझ्या हातात होती. लेकीने ती घेतली, त्यातली डिसेंबरची चिठ्ठी काढली आणि खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहत राहिली.

"बाबा, हे काकांचं अक्षर आहे?"

"घाईतलं आहे."

"नोटीस गेली का हो?"

"काल पोचलीसुद्धा. पोचपावती आली."

ती टबाच्या कडेवर बसली. ओल्या कडेवर, चांगल्या कपड्यांत. मला वाटलं, थकली असेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वकीलबाईंच्या खोलीत टाक्या आला. वहिनी बरोबर. वहिनींच्या खांद्याला कापडी पिशवी, ती त्यांनी टेबलावर ठेवली तेव्हा वरची काच वाजली. चारही साचे, तेल दिलेले, मऊ फडक्यात एकेक गुंडाळलेले.

"साचे घरी," टाक्या म्हणाला. माझ्याकडे न बघता.

वकीलबाईंनी विचारलं, डिसेंबरची खेप कोणी केली? मी म्हणालो, "सांग ना, कोणाकडून करवलीस? नाव सांग त्याचं, आपण त्याला धरू."

टाक्याने दोन्ही हात खिशातून काढले आणि टेबलावर ठेवले.

पाण्याचा पेला काचेवर टिकटिक करू लागला. आधी मला वाटलं, खालून ट्रक गेला. पेला थांबेना. वहिनींनी तो उचलून धरला.

"हा तो चौथा," टाक्या म्हणाला. "धर आता."

मग तोच बोलला, भराभर, पाठ केल्यासारखा. "तीन वर्षं झाली. पहिलं वर्ष रेटलं. मग पुलापलीकडच्या बाईला सगळं शिकवलं, तिचा हात माझ्याहून हलका आहे. एक वायसर गळला नाही तिचा. तुला सांगायला चारदा निघालो. दर वेळी तू फोनवर आधी कविता म्हणायचास. पहिल्या दोन ओळी. आणि मग तुझं पत्र आलं, एक खेप तुझ्याच हातची पाठव. हौस समज. आता हौसेला नाही कसं म्हणायचं? साचे आणले. पहाटेच्या वेळी हात जरा शांत असतो म्हणून पहाटे बसायचो. अकरा दिवस लागले."

"चष्मा लावूनही दिसेना त्यांना, कुठे खोल गेलंय ते," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, नका पाठवू. म्हणाले, तो भिंगाखाली धरेल आणि त्याला कळेल, मग सांगायला लागणार नाही."

मी भिंगाखाली धरला होता. डिसेंबरात. कौतुकाने. काहीही दिसलं नव्हतं.

मग मी एक गोष्ट केली ती इथे लिहून ठेवतो, कारण ही वही कोणी वाचणार नाही. मी वकीलबाईंना म्हणालो, "आपण लिहू की खेप शेडमधूनच आली. नाहीतरी दोन वर्षं माल तिथूनच येतो."

"खोटं मी लिहिणार नाही, काका."

पण त्यांच्या आधी टाक्या उखडला. "बावळटा, तिच्या शेडवर लहान मुलं असलेल्या बायका काम करतात! माझ्या हातचं तिच्या नावावर घालतोस? फळ्यावर मी चुकलो तर कधी तुझं नाव सांगितलं होतं का?"

शाळा सुटल्यापासून मला 'बावळटा' कोणी म्हटलं नव्हतं. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. लेकीने माझ्याकडे रुमाल सरकवला, मीही हातच पुढे केला नाही. थोडा वेळ आम्ही दोघंही टेबलावर हात ठेवून बसून राहिलो, त्याचे हलते, माझे नुसते.

उत्तराचा मसुदा ठरला: एकच खेप सदोष, सगळी परत घेतली, कारण खरंखुरं. यापुढे शेडशी थेट लेखी करार, कारखान्यात केव्हाही जाऊन तपासणीचा हक्क, साच्यांवर आमचा क्रमांक कोरलेला. आणि एक कलम बाईंनी मुद्दाम मोठ्याने वाचलं, "काम करण्याची क्षमता कमी झाल्यास पुरवठादाराने तत्काळ लेखी कळवावे, व तसे कळवणे हा दोष मानला जाणार नाही."

"पहिला अर्धा भाग माझा आहे," टाक्या म्हणाला. "दुसरा अर्धा तेव्हा सुचायला हवा होता."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तर दिलं. पोच घेतली. मुदतीला एक दिवस शिल्लक होता.

गुडघा दुखतो. कविता एकही आठवत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

खरेदी कार्यालयाचा निरोप आला. यादीतून नाव काढत नाहीत, सहा महिने लक्ष ठेवतील. मात्र ज्याने ती खेप केली त्याचं स्वतःच्या सहीचं निवेदन परवापर्यंत हवं. ते आलं नाही तर आमचं सगळं उत्तर ते ऐकीव समजतील.

टाक्याला फोन केला. आधी विचारलं, "कसा आहेस?" तो म्हणाला, "कोण बोलतंय?" आणि हसला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

वकीलबाईंकडे सकाळीच जमलो. निवेदन एका पानाचं. खाली सहीसाठी रेघ.

बाई म्हणाल्या, "काका, अंगठा चालेल. दोन साक्षीदार घेऊ, कायद्याने तेवढंच वजन आहे."

"अंगठा नाही," टाक्या म्हणाला. "मला टाक म्हणतात."

त्याने पेन मागितलं. पहिल्यांदा पेन कागदाला लागलंच नाही, दुसऱ्यांदा लागलं आणि घसरलं. बाईंनी दुसरी प्रत पुढे ठेवली. वहिनी खिडकीबाहेर बघू लागल्या. लेक दाराशी उभी, घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवल्यासारखी. बाराच्या आत कागद पोचवायचा होता. तिसरी प्रत. टाक्याने उजव्या मनगटावर डावा हात दाबून धरला, तर दोन्ही हलायला लागले. मी उठून त्याच्या शेजारी बसलो, पूर्वी बाकावर बसायचो तसा, आणि कागद दोन्ही तळव्यांनी टेबलावर दाबून धरला.

"हलवू नकोस," तो म्हणाला.

"नाही हलवत."

सही व्हायला किती वेळ लागला, मोजला नाही. वेलांटी कुठल्याकुठे गेली, शेवटची रेघ माझ्या अंगठ्यावर आली. शाई अजून आहे, धुतली नाही. लेक कागद घेऊन पळाली, पावणेबाराला पोचल्याचा फोन आला.

सोमवारपासून टाक्या आमच्याकडे येणार आहे. टबापाशी बसायला हात लागत नाहीत, नजर लागते, आणि दोन वर्षं शेडमधला एकेक वायसर त्याच्याच नजरेखालून गेलाय. लेकीने नेमणुकीचा कागदही केला. मला म्हणाली, तोंडी काही नाही बाबा, तुमच्या मित्राशी तर मुळीच नाही.

घरी आल्यावर हिने अंगठ्यावरची शाई पाहिली आणि विचारलं, हे काय? म्हटलं, वकीलबाईंच्या खोलीत पंखा फार जोरात, कागद सारखा उडत होता, म्हणून धरायला लागला.

पंखा बंद होता.